डावीकडचे चार मिलिमीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर आजवर स्वतःच्या हाताने केलेलं लिहून ठेवतो. यातलं काहीही कोणाकडे शिकायला गेलो नव्हतो.

शेडचं छप्पर, कैच्यांसकट. लेथ, भंगारातून उभं केलेलं, अजून चालतं. ठिबकच्या वाळू-फिल्टरचे स्टँड, सावद्यापासून धरणगावापर्यंत, किती ते मोजणं सोडलं. सौ.साठी कुरडयांचं यंत्र. पूर्वी दोघी लागायच्या, आता एकटी पुरते. अक्काच्या धुळ्याच्या शेतावर झोपाळा, बेअरिंगचा, कुरकुरत नाही. भरीत ठेचायची सागाची बडगी, एका ओंडक्यातून कोरलेली, जोड नाही.

आणि एक मुतखडा. तोही मीच केला. उजव्या बाजूला, किती वर्षं लागली माहीत नाही. ऑक्टोबरात गाळणीत पडला. रिपोर्टात ६ मिमी लिहिलंय. व्हर्नियरने तीनदा मोजला, ५.८. मटेरियल पक्कं, फिनिशिंग अगदीच वाईट.

डावीकडे अजून एक आहे, ४ मिमी. डॉक्टर म्हणाले, "नाना, हा आहे तेवढाच राहिला तर त्याच्या वाटेला जायचं कारण नाही. वाढला तर दुर्बीण घालावी लागेल. जूनमध्ये सोनोग्राफी करू."

ऑक्टोबरातली कळ आठवली की अजून पाय पोटाशी येतात. शेडच्या फरशीवर गडबडा लोळलो, सगळ्या कामगारांसमोर. परत नको. तर काम एकच: जूनपर्यंत चाराचे चारच.

५ नोव्हें., बुध.

डॉक्टरांच्या कागदावर तीन ओळी. पाणी भरपूर. मीठ कमी. आहारतज्ज्ञांना भेटणे. त्या खालच्या मजल्यावर बसतात. काचेतून पाहिलं, पंचविशीची पोरगी. नाही गेलो. बावन्न वर्षं जेवतोय, ते आता हिच्याकडून शिकू?

स्वतःच विचार केला. खडा कशाचा? कॅल्शियम ऑक्सलेटचा. ठिबकच्या नळ्यांत काय साचतं? कॅल्शियमच. बोअरचं जड पाणी, ड्रिपर बुजतात, आपण ॲसिड सोडून धुतो. तीस वर्षं तेच करतोय. मग माणूस म्हणजे काय वेगळं? येणारं कॅल्शियम तोडलं की साचायला काही उरत नाही. दूध, दही, ताक, आजपासून बंद. चहा कोरा.

सौ.: "डॉक्टरांनी दूध बंद सांगितलं?"

"सांगावं लागत नाही. समजतं."

तिने कोऱ्या चहात साखर कमी टाकली.

११ नोव्हें.

पाण्याचं जमत नाही. तहान लागतच नाही, कामात लक्ष गेलं की संध्याकाळ. आजपासून रोज दोन आकडे लिहायचे, लिटरमध्ये. पा. म्हणजे प्यालो, बा. म्हणजे बाहेर आलं. डॉक्टरांना बा. अडीच हवंय.

पा. १.४, बा. ०.९. लाज वाटली.

केळीला कोणी आठवण करून देत नाही. तिला थेंब थेंब मिळतंच. मग मला का नाही?

१६ नोव्हें., रवि.

झालं! चार संध्याकाळी लागल्या.

वर माठ. माठाला ड्रिपर. ड्रिपरखाली काट्यावर पेला. पेल्यात पाव लिटर भरलं की काटा खाली जातो आणि सायकलची घंटी वाजवतो. प्यायचं, पेला परत ठेवायचा.

पहिली चाचणी: माठ भरलेला असताना पेला ५२ मिनिटांत भरला, माठ अर्धा झाल्यावर ८० मिनिटांत. पाणी उतरलं की जोर उतरतो, हे मला आधीच कळायला हवं होतं. मध्ये छोटा डबा बसवला, त्याला कूलरचा बॉलकॉक. आता पातळी हलत नाही. बरोबर एक तास. एखादं मिनिट इकडेतिकडे, ते मी मान्य करतो.

सौ. चहा घेऊन आली, बघत उभी राहिली. घंटी वाजली तशी दचकली.

"एवढं सगळं एक पेला पाणी प्यायला?"

"तासाला एक."

"केळीले ठिबक, आता तुम्हालेबी ठिबक." पदर तोंडाला लावून हसत होती. "खत कधी सोडायचं तेवढं सांगा."

पा. ३.२, बा. २.३.

२२ नोव्हें.

शेडमध्ये दुसरी घंटी बसवली. आता आमचे चारही कामगार घंटीला पाणी पितात. आज शेजारच्या डाळ मिलमधून डाळ निवडणाऱ्या बाया खिडकीत आल्या. त्यांच्यातली कलाबाई म्हणाली, "नाना, तुमनी घंटी वाजनी का आम्हीबी उठतस. मुकादम काही बोलत नाही. त्याले वाटस, कारखान्याची शे."

मला फार बरं वाटलं. घंटीला मोठी वाटी लावली. आवाज आता मिलच्या मागच्या दारापर्यंत जातो.

२ डिसें.

धुळ्याहून अक्का आली, माझी थोरली बहीण. पिशवीत दोन किलो कुळीथ. उंबरठ्यातूनच सुरुवात.

"कितला सुकाई गया रे भाऊ! दूध बंद कयं म्हने? बठ्ठं जग दूध पेस, अन तू काय येडा शे का?"

मी तिला ठिबक समजावलं. क्षार, ड्रिपर, ॲसिड. तिने पूर्ण ऐकलं. मग: "तू नळी नही रे. मना भाऊ शे."

तिच्या मते कुळथाचं पाणी पंधरा दिवसांत खडा विरघळवतं. तिच्या जावेचा विरघळला. मी विचारलं, सोनोग्राफी केली होती का? म्हणाली, दुखायचं थांबलं, मग कशाला करायची. ही तपासणी नव्हे. पण पाणी प्यालो, पाणी ते पाणी. पा.मध्ये धरलं.

माझी घंटी तिला झोपाळ्याजवळ टांगायला हवी. जाताना एक स्वतःसाठी घेऊन गेली.

१४ डिसें., रवि.

चोवीस तासांची लघवी जमवायची तपासणी. डॉक्टरांनीच सांगितली. लॅबने पाच लिटरचा डबा दिला. त्यावरच्या खुणा जाड, म्हणून माझ्या मोजपात्राने तपासल्या. दोन लिटरच्या खुणेला चाळीस मिलीचा फरक. लॅबवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "नाना, तुम्ही फक्त भरून आणा."

डबा थंड ठेवायचा होता. फ्रीज उघडला, तर सौ. दारात हात आडवे करून. "तिथं देवाचं विरजण आहे." शेवटी बादलीत बर्फ.

बा. २.६! जमवलेलं बघून समाधान झालं. कोणाला दाखवण्यासारखं नाही, हीच अडचण.

१९ डिसें., शुक्र.

रिपोर्ट आला. पाणी उत्तम. कॅल्शियम ठीक. ऑक्सलेट रेषेच्या वर. बरंच वर.

मी म्हटलं, लॅबची चूक. डबाच चुकीचा होता. डॉक्टरांनी बोटाने जिना दाखवला.

गेलो खाली. चौधरी मॅडम. मला काका म्हणाल्या. रोज काय खातो-पितो ते विचारलं, मी वही पुढे केली. त्यांनी दीड महिना पान-पान वाचला. कोरा चहा, दिवसाला सहा. दह्याऐवजी शेंगदाण्याची चटणी, दोन वेळा. दूध बंद, मग ताकदीला सकाळी पालकाचा रस, एक पेला.

"काका, ऑक्सलेट सगळ्यात जास्त कशात असतं ठाऊक आहे? पालकात. शेंगदाण्यात आहे. चहात आहे. दूध तेवढं तुम्ही काढून टाकलंत."

मी ठिबक मांडलं. क्षार, ड्रिपर. मला वाटलं गप्प बसतील. त्या म्हणाल्या, "खत सोडता ना ठिबकातून? कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं खत एकाच टाकीत घालता का?"

"अजिबात नाही. दोघं भेटले की गाळ धरतो."

"कुठे धरतो?"

"टाकीतच."

"टाकीत धरला तर नळीत जातो?"

"नाही. तळाला बसतो. टाकी धुतली की गेला."

"पोट म्हणजे तुमची टाकी, काका. जेवणात दही असलं की त्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटला पोटातच धरतं. गाळ तिथेच होतो, सकाळी बाहेर जातो. तुम्ही दही काढलंत. ऑक्सलेट एकटं सुटलं, पुढे गेलं, आणि कॅल्शियमला भेटलं ते थेट..."

"नळीत," मी म्हणालो.



मग मी विचारलं, हे कुठे शिकवतात? म्हणाल्या, "माझं गाव सावदा. बारावीत होते, वडिलांच्या केळीत मीच दोन्ही खतं एका टाकीत ओतली आणि गाळ बसायच्या आत व्हॉल्व्ह उघडला. पाच दिवस नळ्या धुतल्या."

२० डिसें.

दिवसभर मॅडमची टाकी डोक्यात. बरोबर आहे ती.

२१ डिसें., रवि.

सकाळी म्हटलं, "चहात दूध घाल."

सौ.ने भांडं खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"दूध. आणि जेवताना दही. दोन्ही वेळा."

"मी दीड महिन्यापूर्वी..."

"माहीत आहे."

आल्याचा तुकडा ठेचताना गुणगुणत होती. तो चहा! दोनच कप दिवसाला, पण तो चहा!

मॅडमचं बाकीचं टिपून ठेवतो. पालक, चाकवत नको. शेंगदाणे भाजीला लावण्यापुरते, मूठभरून नाही. लिंबू रोज, दोन वेळा, पाण्यात, मीठ-साखर न घालता. मीठ कमी, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम वाढतं. मटण कधीतरी, थोडं. केळी खुशाल खा (हे सांगताना सावद्याचा अभिमान लपला नाही). आणि: "यंत्र छान आहे काका, पण खडा कशानेच विरघळणार नाही. ना घंटीने, ना कुळथाने. हा खडा तसा नाही. आपण फक्त वाढू द्यायचा नाही."

मी विचारलं, यंत्रात सुधारणा काय? म्हणाल्या, काही नाही. ही पहिली व्यक्ती जिला माझ्या कामात सुधारणा सुचली नाही.

४ जाने., रवि., धुळे

अक्काच्या शेतावर भरीत. वीस माणसं. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, वांगी लांबट पांढरट-हिरवी, जळगावहून मी नेली. बडगीत मीच ठेचलं, दुसऱ्याच्या हातात मुसळ देत नाही. मिरच्या, लसूण, पात, कोथिंबीर, तेल. मिठाची वेळ आली तसा मी माझा वाटा आधी बाजूला काढला, त्यात चिमूटभर मीठ आणि एक अख्खं लिंबू.

सगळे हसायला लागले. अक्काचा दीर म्हणाला, "नाना, भरीत शे का सरबत?"

मग अक्काने सगळ्यांसमोर माझ्या ताटात दह्याची वाटी ठेवली. "खाय. आते तुना डॉक्टरबी मना बाजूनं शे."

कळण्याची भाकरी, भरीत, दही. लिंबामुळे मीठ कमी आहे हे जिभेला कळेचना. अक्काच्या दिराने एक घास मागितला, मग दुसरा. तिसऱ्याला मी ताट फिरवलं.

मध्येच झोपाळ्याजवळ टांगलेली घंटी वाजली. वीस माणसांनी एकदम पेले उचलले. अक्काने सगळ्यांना शिकवून ठेवलंय! कुळथाचं मात्र सोडलेलं नाही. माझा पेला भरताना हळूच त्याचंच पाणी घातलं. प्यालो.

२३ जाने.

"मीठ दिवसाला एक चहाचा चमचा" हे माप नाही. कोणाचा चमचा? सपाट की शीग? सराफ बाजारात गेलो, दामोदरशेठ शाळेपासूनचा दोस्त. म्हटलं, काट्यावर पाच ग्रॅम तोलून दे. "काय, मणी?" मी पुडी काढली. गिऱ्हाइकं बघायला लागली. लग्नाच्या खरेदीला आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे काय हो? तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, नानांकडे सोन्यापेक्षा जपून वापरतात."

४.९८ आलं. त्या मापाची स्टीलची वाटी लेथवर काढली, आत पॉलिश. सकाळी भरायची, दिवसभर त्यातूनच. सौ.लाही एक. ती संध्याकाळी माझ्या वाटीतलं चोरते, तिच्यातलं संपतं म्हणून. चोर सापडली की हसते.

१४ मार्च

गल्लीत उडदाचे पापड. माझ्यासाठी पापडखार आणि मीठ कमी घालून वेगळा गोळा. भाजून खाल्ला. पुठ्ठा. बायका माझं तोंड बघून लाटणी टाकून हसल्या. ठरवलं, वर्षातून चार पापड खाईन, पण खरे.

१९ मार्च

दुसरी चोवीस तासांची तपासणी. ऑक्सलेट रेषेच्या खाली! बा. २.७. दोन्ही रिपोर्ट एकाला एक टाचले. मॅडमना पेढे नेले, त्यांनी एक घेतला, म्हणाल्या, दूध आहे म्हणून. त्यांनाही घंटी दिली, पितळी. टेबलावर ठेवलीय, पेशंट असले तरी वाजते.

१८ एप्रिल

ऊन. पा. ४.४, बा. १.६. एवढं पिऊन गेलं कुठे? घामात. धरणगावला फिल्टर बसवायला दिवसभर रानात होतो. मॅडमनी हे सांगूनच ठेवलं होतं: प्यालेलं मोजून खूश होऊ नका, बाहेरचं मोजा. ड्रिपर मोठा लावला, घंटी आता चाळीस मिनिटांनी. मोटरसायकलला कॅन बांधलाय, लिंबं डिक्कीत.

२ मे

पा. ५.३, बा. २.५. माठाचं पाणी, वाळ्याची जुडी टाकलेली. कोणी विचारलं सुख म्हणजे काय तर मी हेच दाखवीन.

१२ मे

डाळ मिलला आता स्वतःची घंटी. मुकादमाने स्वतः येऊन मागितली, पाच हाताची दोरी लावून. कलाबाईने पहिला पेला मला दिला. तिची लघवीची आग तीन वर्षांची, म्हणे, या उन्हाळ्यात नाही. मी लिहून घेतलं, पण डॉक्टरांना दाखव असंही सांगितलं.

२३ मे, शनि.

धुळ्याचे एक शेठ आले, माठ-कूलर विकतात. अक्काकडे घंटी पाहिली. अक्काने कुळीथ, दूध, भरीत, सगळी कथा सांगितलेली दिसते. खोका छापून आणला होता नमुन्याला. वर माझ्या फोटोसाठी चौकट मोकळी. खाली लाल अक्षरात: मुतखडा विरघळवणारी घंटी.

"विरघळत नाही," मी म्हटलं.

"लोक तसंच म्हणतात ना, नाना."

"पाणी प्यायची आठवण, असं लिहा. सही करतो."

"आठवणीले कोन पैसा देस? तुमची जूनची सोनोग्राफी येऊ द्या. चांगली आली की तीच छापू. आधी, नंतर." आणि एक आकडा कागदावर लिहून, घडी घालून, माठाखाली ठेवला.

विचार करतो म्हणालो. खोटं नाही, खरंच केला. शेडचा पत्रा बदलायचाय.

२४ मे

सौ.ला कागद दाखवला. तिने वाचला, परत घडी घातली.

"रिपोर्टात सहा लिहिलं होतं, तर महिनाभर तुम्ही पाच पूर्णांक आठ, पाच पूर्णांक आठ करत गल्लीभर फिरलात. शून्य पूर्णांक दोन सोसलं नाही तुम्हाला." मग चहात दूध ओतत: "हे सोसेल का, बघा बाई."

२ जून, मंगळ., सोनोग्राफीच्या बाकावर

नंबर चौदा. आत अकरा गेलाय. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ब्लॅडर फुल लागतं, काका, एक लिटर प्या. मी म्हटलं, बाई, सात महिने दुसरं काय करतोय? भरून बसलोय. शेजारी सौ., तिच्या पिशवीत लिंबं, घंटीचा मोकळा पेला (का आणला, माहीत नाही) आणि दह्याचा डबा, निघाल्यावर खायला. अक्काचे दोन फोन. "कुळीथ पेधा का?" हो म्हणालो.

बारा गेला.

डावीकडे किती आहे ते थोड्या वेळात कळेल. चार असेल, कमी असेल, वाढलाही असेल. मॅडम म्हणाल्या, सगळं नीट केलं तरी कधीकधी वाढतो, शरीर म्हणजे लेथ नाही. ते कळायच्या आत पुढचं लिहून टाकतो, म्हणजे निकाल बघून ठरवलं असं मला स्वतःलाही म्हणता येणार नाही. घंटीचा नकाशा मापांसकट काल शेडच्या दारावर चिकटवला आहे, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. शेठना आत्ता, इथूनच, फोन केला. त्या खोक्यावर माझं नाव आणि फोटो घालण्यासाठी त्यांनी देऊ केले होते ते नको म्हणालो.

तेरा गेला.

चार लाख पंचाहत्तर हजार रुपये, एकरकमी.